रायगड परत आला, जंजिरा कां राहिला?

दर वर्षीं जून महिन्याच्या सहा तारखेस रायगडावर जो लोकसमुदाय लोटतो, तो पाहून कोणाहि महाराष्ट्रीयाचा ऊर भरून यावा हें साहजिक आहे. राज्याभिषेकाचा तो दिवस. त्या दिवशीं गडावर पाय ठेवावयास जागा उरत नाहीं आणि उरूं नये हेंच योग्य. परंतु या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनीं त्याच गडाच्या चरित्रांतील दुसरा एक दिवस येतो, आणि त्याची आठवण मात्र फारशी कोणास होत नाहीं. इ. स. १७३३ च्या जूनच्या ८ तारखेस रायगड मराठ्यांच्या हातीं परत आला. १६८९ सालीं तो मोंगलांनीं घेतला, पुढें तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला, आणि अशा रीतीनें चव्वेचाळीस वर्षें शिवछत्रपतींचें सिंहासनस्थान व त्यांची समाधि हीं दोन्ही परक्यांच्या पहाऱ्याखालीं होतीं. गड गेला तो दिवस आपण शोकानें आठवतों, गड स्थापला तो दिवस उत्साहानें साजरा करतों. गड परत कसा मिळविला हें मात्र विसरतों. या विसरांत आम्हांस केवळ आळस दिसत नाहीं. त्या मोहिमेची हकीगत नीट वाचली तर ती अभिमानापेक्षां विचार अधिक करावयास लावणारी आहे, आणि आम्हां लोकांस अभिमान जितका प्रिय आहे तितका विचार प्रिय नाहीं.

वकिली पेशांत एक गोष्ट रोज अनुभवास येते. मालकी कागदावर असते व ताबा जमिनीवर असतो, आणि ज्याचा ताबा त्याच्या हातांत पीक जातें. शाहू छत्रपति १७०८ च्या आरंभीं साताऱ्यास सिंहासनारूढ झाले, पंचवीस वर्षांच्या आंत मराठी फौजा गुजराथेंत व माळव्यांत चौथाईचा हक्क सांगूं लागल्या, निजामासारख्या मुत्सद्द्यास १७२८ सालीं पालखेडास कोंडून तह करावयास लावलें. परंतु साताऱ्याहून सह्याद्रि उतरला कीं आजोबांच्या राजधानीच्या दारांत दुसऱ्याचा पहारा! नर्मदेपर्यंत हात पोंचणाऱ्या राज्यास सावित्रीच्या कांठापर्यंत हात पोंचूं नये, ही विसंगति त्या काळच्या लोकांसहि टोंचत असली पाहिजे.

वाचकांपैकीं जे महाड, माणगांव, रोहें, मुरूड या बाजूंशीं व्यापार करतात त्यांस या सरहद्दीचें स्वरूप समजावून सांगण्याचें कारण नाहीं. घाट आणि समुद्र यांच्यामधील ही चिंचोळी पट्टी. तिच्यांतून सावित्री, कुंडलिका, राजपुरीची खाडी अशा वाटा आंत शिरलेल्या. बाणकोटाहून भरतीच्या पाण्यावर गलबत वर चढवावें, महाडास माल उतरवावा, तेथून बैलांच्या पाठीवर घाटावर न्यावा, हा शेंकडों वर्षांचा क्रम. तेव्हां खाडीचें तोंड ज्याच्या हातीं आणि डोंगराचा माथा ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं मधली बाजारपेठ आपोआप आली. रायगड सिद्दीकडे असणें म्हणजे केवळ एक डोंगर गमावणें नव्हे. महाडच्या पेठेंतील तांदूळ, मीठ, नारळ, सुपारी यांच्या प्रत्येक ओझ्यावर दुसऱ्याची नजर असणें, आणि कुळांनीं एका सालांत दोन धन्यांचे तगादे सोसणें, असा त्याचा रोजचा अर्थ होता. सरहद्दीवरच्या गांवाचें दुःख राजधानीस नेहमीं उशिरां कळतें. येथें तर जुनी राजधानीच सरहद्दीवर पडली होती.

सिद्दीशीं हा झगडा शिवकालापासूनचा. दंडा-राजपुरी महाराजांनीं घेतली होती, परंतु १६७१ च्या शिमग्यांत, ठाण्यांतील शिबंदी होळीच्या रंगांत बेसावध असतां, सिद्दी कासमानें रात्रीं छापा घालून ती परत घेतली. जंजिऱ्यासमोर कांसा बेटावर महाराजांनीं पद्मदुर्ग उभारला. १६७६ सालीं मोरोपंतांनीं वेढा घातला तेव्हां लाय पाटील या कोळी वीरानें मध्यरात्रीं तटास शिड्या लावण्याचें साहस पत्करलें, शिड्या लावल्याहि. मागून यावयाची कुमक वेळेवर आली नाहीं म्हणून डाव फसला, अशी परंपरागत हकीगत आहे. १६८२ सालीं संभाजी महाराजांनीं खाडींत दगडांची भर घालून किल्ल्यापर्यंत वाट बांधण्याचा अचाट उद्योग आरंभिला, तोंच मोंगलांची फौज कोंकणांत उतरल्यामुळें महाराजांस माघारीं फिरावें लागलें. पुरुषार्थाची उणीव यांपैकीं एकाहि प्रसंगीं दिसत नाहीं. उणीव दिसते ती वेळेवर पोंचावयाच्या मदतीची.

या ठिकाणीं एका जुन्या पत्राचा उल्लेख करणें आम्हांस अवश्य वाटतें. १६७५ च्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक व तेथील कारकून यांस एक खरमरीत पत्र लिहिलें. पद्मदुर्गाच्या कामावर असलेल्या आरमारास, म्हणजे दौलतखान व दर्यासारंग यांस, पैसा व धान्य पोंचवावें असा हुकूम होऊन गेला होता. सुभेदारांनीं तें पोंचविलें नाहीं. महाराज त्यांस विचारतात तें आमच्या शब्दांत असें, कीं हबशानें तुम्हांस कांहीं देऊन फितविलें आहे कीं काय. आणि जातीनें ब्राह्मण आहां म्हणून कोणी तुमची भीड धरील या भ्रमांत राहूं नका. एका बाजूस समुद्रावर झुंजणारा मुसलमान दर्यावर्दी, दुसऱ्या बाजूस कचेरींत बसून रसद अडविणारा ब्राह्मण अधिकारी. आणि राजा दोघांस जातीच्या मापानें न मोजतां कामाच्या मापानें मोजतो. शिवचरित्राचे जे पोवाडेवजा उत्सव आपण करतों त्यांत हें पत्र मोठ्यानें वाचून दाखविण्याची प्रथा पडली, तर आमच्या मतें पुष्कळ भाषणांची गरज उरणार नाहीं.

आतां मुख्य मोहिमेकडे वळूं. १७२७ सालीं सिद्दी सात यानें चिपळूणजवळील परशुरामाचें देवस्थान उद्ध्वस्त केलें. तेथील ब्रह्मेंद्रस्वामी हे शाहू महाराज, पेशवे व आंगरे या सर्वांस गुरुस्थानीं. या अपमानाचें परिमार्जन व्हावें म्हणून स्वामी साताऱ्यास सारखी टोंचणी लावीत राहिले. परंतु यावरून हें धर्मयुद्ध होतें असें जे सरसकट सांगतात त्यांनीं थोडें थांबावें. त्याच स्वामींस जंजिऱ्याचा मुख्य सिद्दी मान देत असे. आणि तंट्याचें मूळ एका हत्तीच्या वाहतुकीच्या भानगडींत होतें. शिवाय स्वामी हे केवळ तपस्वी नव्हते, मोठे सावकारहि होते, आणि पेशव्यांस व आंगऱ्यांस ते कर्ज देत. आमच्या व्यापारी वाचकांस यांतील मर्म वेगळें सांगावयास नको. गुरूचा शब्द शिष्य टाळूं शकतो. धनकोचा टाळणें कठीण.

१७३३ च्या आरंभीं जंजिऱ्याचा मुख्य सिद्दी रसूल याकूतखान वारला आणि त्याच्या घरांत गादीचा तंटा माजला. वडील मुलगा अब्दुल्ला याचा भावांनीं खून करविला. त्याचा मुलगा अब्दुल रहमान मराठ्यांच्या आश्रयास आला. सिद्दीच्या आरमारांतील शेखजी याकूबखान हाहि बाजीरावाकडे वळला. हा शेखजी जन्मानें कोंकणांतील कोळी कुळांतला, लहानपणीं पकडला जाऊन सिद्दीच्या चाकरींत वाढलेला, असें इतिहासकार नमूद करतात. म्हणजे ज्यास आपण हबशाचें आरमार म्हणतों त्याच्या सुकाणूवर आपल्याच किनाऱ्याचा कोळी उभा होता. जंजिऱ्याचे तट अजिंक्य असतील. परंतु त्या तटांमागचीं माणसें कोठून आलीं व कां राहिलीं, हा प्रश्न तोफांच्या मापांत गढून गेलेल्या इतिहासांत क्वचितच विचारला जातो.

एप्रिलांत बाजीराव पेशवा व फत्तेसिंग भोंसले साताऱ्याहून निघाले आणि मेच्या आरंभीं राजपुरीस पोंचले. खाडींत सिद्दीचें आरमार नांगरून पडलें होतें. त्यावर अचानक झडप घालून त्यांतील पुष्कळ गलबतें बाजीरावानें काबीज केलीं. पहिला तडाखा असा बसला कीं शत्रूस किल्ल्याच्या तोफांचा आसरा घेण्यावांचून गति राहिली नाहीं. त्याच सुमारास रायगडच्या किल्लेकऱ्यांशीं बाजीरावाचें आंतून संधान चाललें होतें. परंतु पेशव्यास एकट्यास यश कां मिळावें, या विचारानें म्हणा किंवा छत्रपतींच्या आज्ञेनें म्हणा, श्रीपतराव प्रतिनिधि स्वतंत्र फौज घेऊन खालीं उतरले व त्यांनीं घाई करून ८ जूनला गड ताब्यांत घेतला. साताऱ्यास शाहू महाराजांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. आणि राजपुरीच्या छावणींत मात्र बाजीरावाच्या कपाळास आंठी पडली. ज्या दिवशीं राजधानी परत मिळाली त्याच दिवशीं मोहिमेचा कणा मोडावयास आरंभ झाला, असें म्हणणें कठोर वाटेल; तथापि पुढील सहा महिन्यांचा वृत्तांत दुसरें कांहीं सांगत नाहीं.

रायगड जमिनीवरचा; त्याच्या किल्लेकऱ्यांस फोडतां आलें. जंजिरा पाण्यांतला. त्यास घेरावयास आरमार पाहिजे, आणि छत्रपतींचें म्हणून जें आरमार शिवकालीं उभें राहिलें होतें तें या वेळेपावेतों एका घराण्याची मिरास होऊन बसलें होतें. कान्होजी आंगरे यांनीं त्या आरमाराचा दरारा मुंबईकर इंग्रज व पोर्तुगीज यांवर बसविला हें त्यांचें थोर कर्तृत्व. परंतु ते १७२९ सालीं वारले आणि पुढें दर्याची बाजू त्यांचे चिरंजीव सेखोजी यांच्या मनावर अवलंबून राहिली. सेखोजी कर्तबगार होते, कुलाब्याच्या बाजूस त्यांनीं सिद्दीचीं कांहीं ठाणीं घेतलींहि. परंतु राजपुरीच्या तोंडाशीं आरमार आणून जंजिरा बंद करण्याचें काम पावसाळ्याच्या तोंडावर होईना. पेशवा तटासमोर चिखलांत बसला; सरदार आपापल्या हिशेबानें चालले; प्रतिनिधि दक्षिणेकडे गोवळकोट-अंजनवेलीच्या पाठीस लागून तेथें हात पोळून घेऊन परत फिरले. साताऱ्याहून आज्ञापत्रें निघत, आणि ज्यांस तीं पोंचत ते नमस्कार करून तीं दप्तरीं ठेवून देत.

मुंबईकर इंग्रज हें सर्व शांतपणें पाहत होते. रायगड पडला याचें त्यांस सुखदुःख नव्हतें. जंजिरा पडला तर दर्यावर मराठ्यांस अडविणारा कोणी उरणार नाहीं, हें त्यांच्या वखारीच्या कारकुनास जितकें स्पष्ट दिसलें तितकें आमच्या अष्टप्रधानांस दिसलें नाहीं. त्यांनीं सिद्दीस गलबतांची व सामग्रीची मदत केली आणि मुंबईच्या तोंडावरील उंदेरी आपल्या बंदोबस्तांत राहील अशी तजवीज ठेविली. व्यापारी लोक युद्धांत पडत नाहींत ही समजूत त्या वेळींहि होती. वस्तुतः कोणत्या क्षणीं पडावें हें त्यांस सर्वांहून चांगलें समजत होतें.

ऑगस्टच्या अखेरीस सेखोजी अकस्मात् वारले. संभाजी व मानाजी या बंधूंत सरखेलीवरून वितुष्ट आलें आणि जें थोडेंबहुत आरमार जंजिऱ्यावर जावयाचें तें भाऊबंदकीच्या बंदरांत अडकलें. डिसेंबरांत बाजीरावानें मिळेल तो तह पदरांत पाडून घेतला व तो परत फिरला. या तहानें व पुढील करारांनीं अब्दुल रहमानाची गादी मान्य झाली, सिद्दीच्या अकरा महालांच्या वसुलाची वांटणी ठरली, रायगड, तळें, घोसाळें, अवचितगड, बिरवाडी या किल्ल्यांवर मराठ्यांचा हक्क कायम झाला. तीन वर्षांनीं, १७३६ च्या एप्रिलच्या १९ तारखेस, अलिबागेजवळ रेवस-कामार्ल्याच्या परिसरांत चिमाजी आप्पानें सिद्दी सातास गांठून ठार केलें, आणि जमिनीवरून सिद्दीचें भय बहुतेक संपलें. १७४० सालीं पोर्तुगीजांस रेवदंडा व कोर्लई सोडावी लागली. सारांश, या किनाऱ्यावरील एकेक ठाणें सुटत गेलें. समुद्रांतलें तेवढें सुटलें नाहीं.

तें कां सुटलें नाहीं, याचें उत्तर शाळेंतील पुस्तकांत तटाची उंची आणि तोफांची संख्या यांत शोधलें जातें. आम्हांस तें पटत नाहीं. चार सेनानायक, त्यांचे चार खजिने, चार शिक्के. एकाचें यश दुसऱ्यास सोसत नाहीं. आरमार राज्याचें नव्हे तर घराण्याचें. आणि हुकूम न मानणाऱ्यास शिक्षा नाहीं, कारण हुकूम देणाऱ्यास स्वतःच्या शब्दाखेरीज साधन नाहीं. जो राजा सुभेदारास रसद कां अडविलीस म्हणून जाब विचारीत होता त्याच्या नातवाच्या अमदानींत जाब विचारण्याची जागाच रिकामी पडली होती. यावर कळस असा, कीं १७५६ सालीं पेशव्यांनीं इंग्रजांच्या साहाय्यानें विजयदुर्गावर तुळाजी आंगऱ्यांचें आरमार बुडविलें. तुळाजी उद्दाम होता, हें खरें. तथापि घरचा उद्दाम मुलगा नरम करावयास शेजाऱ्याच्या हातीं विळा द्यावा, आणि त्या शेजाऱ्याची नजर आपल्याच परसावर असावी, असला हा न्याय झाला.

हा सर्व प्रकार जुना आहे, आज त्याचें काय, असें कोणी विचारील. त्यास आम्ही राजपुरीच्या खाडीच्या दक्षिण तीरावर नेऊं इच्छितों. जंजिऱ्याच्या समोर दिघी आहे, आणि तेथून किनाऱ्यानें श्रीवर्धनाकडे जातांना शेखाडी नांवाचें लहानसें गांव लागतें. १९९३ च्या जानेवारींत दिघीस शस्त्रें उतरलीं. फेब्रुवारींत शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकें उतरलीं. आणि १२ मार्चला मुंबईंत एका दुपारीं २५७ माणसें मेलीं. तीं गलबतें कोणत्या तटावर तोफ डागून आलीं नव्हतीं. ज्यांनीं तीं अडवावयाचीं त्या कस्टमच्या व पोलिसांच्या कांहीं नोकरांनीं पैसे घेऊन डोळे मिटले, आणि त्याबद्दल विशेष न्यायालयानें त्यांस पुढें शिक्षाहि ठोठावल्या. शिवाजी महाराजांनीं जिवाजी विनायकास विचारलेला प्रश्न तीनशें अठरा वर्षांनीं त्याच पाण्याच्या कांठावर जसाच्या तसा विचारावा लागला.

परंतु नोकरांस शिव्या देऊन आम्ही मोकळे होऊं तर तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ती वाट एका रात्रींत पडली नव्हती. त्यापूर्वीं कित्येक वर्षें याच किनाऱ्यावर सोनें, चांदी, घड्याळें, परदेशी कापड चोरून उतरत असे, आणि तें घेणारे गिऱ्हाईक कोण होतें ? आमच्याच पेठांतील प्रतिष्ठित घरें. मनगटावरचें घड्याळ जकात चुकवून आलें आहे हें ठाऊक असून तें चार लोकांत कौतुकानें दाखविणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत; त्यांच्या पंक्तीस आम्हीहि जेवलों आहों, आणि त्या वेळीं आम्हीं ब्र काढला नाहीं. चांदीच्या विटा ज्या वाटेनें आल्या त्याच वाटेनें, त्याच माणसांच्या ओळखीनें, स्फोटकें आलीं. स्वस्त मालाची किंमत कधीं तरी कोणी तरी पुरी चुकती करतो. ती त्या दिवशीं मुंबईच्या रस्त्यांवरील अनोळखी माणसांनीं चुकविली.

म्हणून आमची सूचना गडावरील रोषणाईसंबंधीं नाहीं. ८ जूनचा दिवस या जिल्ह्याच्या शाळांत अवश्य सांगितला जावा. पण सांगतांना गड जिंकल्यानंतर मोहीम कशी फसली हेंहि मुलांस सांगावें. लाय पाटलाचें नांव पेशव्यांच्या व प्रतिनिधींच्या नांवाबरोबर यावें, आणि दौलतखानाचें वगळूं नये. १९८१ पासून आपल्या जिल्ह्यास कुलाब्याऐवजीं रायगडाचें नांव आहे. नांव बदलून डोंगराचा गौरव झाला. ज्या कुलाब्यानें या किनाऱ्यास आरमार दिलें त्या समुद्राचा गौरव मागें पडूं देऊं नये. आणि जो नाखवा रात्रीं जाळें टाकावयास जातो, ज्यास अनोळखी शीड व अनोळखी इंजिनाचा आवाज कोणत्याहि कचेरीच्या आधीं ओळखूं येतो, त्यानें ठाण्यावर वर्दी द्यावयास यावें तेव्हां त्यास दारांत ताटकळत ठेवूं नये. त्याची नोंद घ्यावी, पावती द्यावी, आणि खरी ठरलेल्या वर्दीबद्दल रोख बक्षीस द्यावें. मागून यावयाची कुमक न आल्यामुळें लाय पाटील शिड्यांवरून परत उतरला. त्याच्या वंशजांस तोच अनुभव पुनः पुनः कां यावा ?

जंजिऱ्याचें काय झालें तें सांगून हा लेख पुरा करतों. छत्रपतींच्या, पेशव्यांच्या व आंगऱ्यांच्या कारकीर्दी संपल्या, इंग्रजांचेंहि राज्य १९४७ च्या ऑगस्टांत संपलें, तरी मुरुडास नबाबांची गादी होती. १९४८ च्या जानेवारीच्या अखेरीस नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आदि कार्यकर्त्यांच्या पुढाकारानें लोक उठले. म्हसळें घेतलें, श्रीवर्धन घेतलें. तेंच श्रीवर्धन, जेथून बाजीरावाचे पूर्वज देशमुखी सोडून घाटावर गेले होते. मोहन धारिया हे रायगडच्या पायथ्याच्या महाड तालुक्यांतील नाते गांवचे. ना आरमार, ना शिड्या, ना खाडींत दगडांची भर. महिना संपतां संपतां नबाबांनीं संस्थान हिंदी संघराज्यांत सामील करण्यास संमति दिली, आणि त्याच वर्षीं तें मुंबई इलाख्यांत विलीन झालें. किल्ल्याचा तट तेव्हांहि अभंग होता, आजहि उभा आहे. राजपुरीहून शिडाच्या होड्या लोकांस तो दाखवावयास नेतात, आणि सुकाणूवर बहुधा त्याच किनाऱ्यावरचा माणूस असतो.